घासागणिक पाणी

माणसानं जेवताना पाणी किती प्यावं याला काही सुमार असतो, आणि आमच्या ह्यांनी तो सोडला त्याला आता चार वर्षं होतील. घास तोंडात गेला की हात तांब्याकडे. घास गिळायच्या आत फुलपात्र ओठाला. मधूनच पंच्यानं मान पुसायची, वाटीभर दही मागून घ्यायचं आणि वर म्हणायचं, छान झालंय. छान झालंय तर सुखानं चावून खा ना. उन्हातून नांगर सोडून आल्यासारखे पाण्यावर का पडता?

हे मी तोंडावर बोललेली आहे. नणंदेच्या घरी पंगतीत बोलले, व्याह्यांच्या देखत बोलले. हे नुसते हसतात. हिंदुराव निकम हसले की समजावं, आत काहीतरी दडवून ठेवलंय. नाव मी कागदावर लिहिते आहे. तोंडानं ते लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. पस्तीस वर्षं साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट होते. उसाच्या रसात साखर किती, मळीत किती वाया गेली, हे दर तासाला बघायचं काम. थेंबभर रस काचेवर घेऊन कुणाचा ऊस किती गोड ते सांगणारा माणूस. घरात मात्र एका प्रश्नाला सरळ उत्तर मिळेल तर शपथ.

गेल्या दिवाळीपासून ह्यांच्या पायांना सूज यायला लागली. सकाळी चप्पल बसायची, संध्याकाळी बसायची नाही. कराडच्या तांबवेकर डॉक्टरबाईंनी मनगटाला पट्टा बांधला. हल्ली सगळ्यांनाच बांधतात. पाव-पाव तासाला रक्तदाब मोजायचा आणि आपला आपण दवाखान्यात कळवायचा. महिन्यानं बोलावून बाईंनी भिंतीवर आलेख दाखवला. नुसते डोंगर. दुपारचं जेवण झालं की एक डोंगर, रात्रीचं झालं की दुसरा. मधे आठ दिवस सपाट रान. मी विचारलं, इथं काय झालं? तर ते आठ दिवस हे विट्याला नणंदेकडे होते.

बाईंनी मग सरळच सांगितलं. घरच्या जेवणात मीठ फार आहे, ह्यांची मूत्रपिंडं थकायला लागली आहेत, तीन गोळ्या देऊन दाब उतरत नाही. महिनाभर वाट बघू. नाही उतरला तर घरचं जेवण बंद, दवाखान्याच्या स्वयंपाकघरातून मोजून बंद केलेला डबा दोन्ही वेळा दारात येईल. आणि तेही वेळेत केलं तरच उपयोग. नाहीतर पुढे मशिनवर रक्त धुवायला आठवड्यातून तीनदा यावं लागेल.

मी त्या बाईला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. माझं जेवण खारट? चार वर्षं माझंच जेवण मला अळणी लागतंय, तरी मी हात आवरून मीठ घालते, आणि ही काल शिकून आलेली मला सांगणार? मी म्हटलं, ह्यांनाच विचारा. बाईंनी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी आपल्या चपलांकडे पाहिलं.

आमच्याकडे नैवेद्य दाखवल्याशिवाय अन्न जिभेला लावायची रीत नाही. सासूबाईंची शिस्त, ती मी मोडलेली नाही. मीठ हाताच्या अंदाजानं. भाजीला चिमूट, आमटीला तळहाताचा खळगा. मग देवाला पान, मग घरातल्यांची पानं, आणि सगळ्यात शेवटी मी. मला जेवताना कमी लागलं तर दुसऱ्या दिवशी हात थोडा सैल सोडायचा, जास्त लागलं तर आवरायचा. माझ्या आईनं हेच केलं, सासूनं हेच केलं, कुणाची आमटी बिघडली नाही. आणि पानावर बसून अन्नाला नाव ठेवायचं नाही, हाही आमच्या घरचा नियम. तो का झाला ते पुढे सांगेन.

तर डॉक्टरबाईंच्या त्या महिन्यातले वीस दिवस गेले, डोंगर काही खाली आले नाहीत, आणि आमच्या लग्नाला चव्वेचाळीस वर्षं पूर्ण झाली. पुण्याहून सून गिरिजाचा फोन आला की आई, तुम्ही दोघं इकडे या, तुमच्यासाठी मोठ्या हॉटेलात टेबल घेतलंय. मी म्हटलं, हॉटेलात काय म्हणून? घरी पुरणपोळी करते की. ती घाईघाईनं म्हणाली, नको नको, तुम्हाला कशाला त्रास. ही सून सुट्टीला आली की मी देवाजवळ बसले असताना स्वयंपाकघरात घुटमळते. मला वाटायचं, मदत करायची हौस आहे.

रत्नमहाल नावाचं ते हॉटेल. तेराव्या मजल्यावर जेवणघर. संध्याकाळचे सात वाजले होते, काचेतून उन्हाचा शेवटचा पिवळा पट्टा आत आला होता. गिरिजा आम्हाला दारापर्यंत सोडून परत गेली. तुम्ही दोघांनीच निवांत जेवा म्हणाली आणि जाताना सासऱ्यांकडे असं काही बघून गेली की मला तेव्हाच कळायला हवं होतं.

खुर्ची इतकी मऊ की बसल्यावर हनुवटी टेबलाला लागायची वेळ. मी पाठीमागे आमची पिशवी ठेवून ताठ बसले. ताटली परातीएवढी आणि तिच्या मध्यभागी चार घास. शेजारच्या टेबलावर मोत्याची कुडी घातलेली एक बाई नवऱ्याबरोबर आली होती. ती हळू आवाजात त्याला म्हणाली, गावाकडची वाटतात. मला ऐकू आलं. चार वर्षांपूर्वी दुसऱ्याही कानाचा पडदा शिवून घेतल्यापासून मला पलीकडच्या खोलीतली कुजबुजसुद्धा ऐकू येते. मी तिच्याकडे बघून मान डोलावली, की हो, गावाकडचीच.

वाढायला आली ती चाळिशीची, नंदिता नावाची. मूळची वाईची निघाली, तेव्हा मग मॅडम म्हणायचं सोडून काकू म्हणायला लागली. तिनं एका डबीतून मोगऱ्याच्या कळीएवढी चार बटणं काढली आणि म्हणाली, ही कानात घालायची. मी विचारलं, आम्ही जेवायला आलोय की गाणी ऐकायला? तर म्हणाली, काकू, तुम्ही काही ऐकायचं नाही, हे बटणच तुमची जीभ ऐकणार आहे.

मला वाटलं थट्टा करते. पण ह्यांचा चेहरा एकदम लॅबमधला झाला. हे समजावून सांगायला लागले, आणि खरं सांगायचं तर एवढं एकच काम हे मनापासून आणि सरळ करतात. जिभेच्या पुढच्या भागाची चव मेंदूकडे नेणारी एक बारीक शीर असते. ती सरळ वर जात नाही. कानात शिरते, पडद्याच्या मागून, आतल्या चिमुकल्या हाडांच्या मधून वाट काढते आणि मग मेंदूकडे जाते. दोऱ्याएवढी शीर. डॉक्टरांना ती वाट फार पूर्वीपासून माहीत आहे, पण तिच्यातून काय बोलणं चाललंय ते बाहेरून ऐकता येत नव्हतं. आता हे बटण कानात बसलं की ऐकू येतं. जिभेवर मीठ पडलं की शीर कुजबुजली की ओरडली, ते त्याला कळतं.

पुढचं नंदितानं सांगितलं. चमच्याच्या दांड्यात बारीक वीज असते, मुंगी चालल्याएवढीसुद्धा जाणवत नाही. ती वीज घासातल्या मिठाचे कण जिभेकडे ढकलते, त्यामुळे थोडं मीठ पुष्कळ लागतं. असे चमचे जुनेच, पण ते सगळ्यांना सारखेच ढकलायचे. इथं बटण ऐकतं आणि चमच्याला सांगतं, हिला थोडं वाढव, ह्याला पुरे. इथल्या भटारखान्यात सगळ्या पदार्थांत एकसारखं, अगदी नावाला मीठ असतं. प्रत्येकाचं मीठ ज्याच्या त्याच्या चमच्यात. शहरातले रक्तदाबवाले इथं रांग लावतात म्हणे.

मी म्हटलं, म्हणजे एकाच पातेल्यातलं आणि चव ज्याची त्याची. हे म्हणाले, बरोबर. मला ते आवडलं नाही. एका पातेल्यातलं जेवायचं ते कशासाठी मग?

आधी साध्या पाण्याचे पाच चमचे प्यायला लावले, ते जीभ तपासायला. मग मुगाचं कढण आलं. मी चमचा तोंडात घातला.

आता हे मी कबूल करते. चार वर्षांत असं काही खाल्लं नव्हतं. कढण तोंडात गेलं आणि जिभेच्या टोकाला माहेरचं स्वयंपाकघर आठवलं, तवा, चुलीतली राख, सगळं. मीठ अगदी जिथं लागायला पाहिजे तिथं लागलं. मी दुसरा चमचा घेतला, तिसरा घेतला. वाटी संपली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं, ते मी पदरानं नाक पुसायच्या निमित्तानं टिपलं. म्हटलं, इथं कुणीतरी स्वयंपाक येणारं माणूस आहे.

मग माझं लक्ष चमच्याच्या दांड्याकडे गेलं. तिथं हिरवा आकडा उमटला होता. नऊ. मी ह्यांचा चमचा ओढून पाहिला. दोन.

शाळेत मी चौथीपर्यंत गेले आणि दहापैकी पाचच्या वर कधी गेले नाही. इथं मला नऊ आणि पदवी घेतलेल्या माणसाला दोन. मी ह्यांना म्हटलं, बघा, जीभ कुणाची आहे ते मशिनला पण कळलं. शेजारची मोत्यांची बाई आपला चमचा टेबलावर ठेवून नवऱ्याशी बोलत होती, मी मान लांब करून तिचाही आकडा पाहिला. चार. मला तिची कीव आली. तिला ऐकू जाईल अशा बेतानं मी ह्यांना सांगितलं की शहरात राहून जिभा मरतात, हे मी आधीपासून म्हणत होते. आणि डॉक्टरबाईंना हा आकडा दाखवायचा, म्हणजे त्यांचा तो डबा त्यांनाच लखलाभ.

भाजी आली, भात आला. मी जेवत होते, हे जेवत होते. मधेच मला वाटलं, काहीतरी चुकल्यासारखं होतंय. बघते तर ह्यांचा पाण्याचा पेला काठोकाठ भरलेला. बसल्यापासून एक घोट घेतला नव्हता. दहीही मागितलं नव्हतं. मान कोरडी. हळूहळू चावून खात होते, सुखानं, जसं मी चार वर्षं सांगत होते तसं. मला वाटलं, काचेचा महागडा पेला, उचलायला बिचकत असतील.

नंदिता ताटल्या उचलायला आली तेव्हा मी तिला विचारलं की नऊच्या वर कुणाला मिळाले का आजवर. ती थांबली. तिनं आधी ह्यांच्याकडे पाहिलं, मग खाली वाकून अगदी हळू विचारलं,

"काकू, तुमच्या कानाचं ऑपरेशन झालंय का?"

मी चकित. म्हटलं, तुला कसं कळलं? दोन्ही कानांचं झालंय. लहानपणापासून कान वाहायचे, पडद्यांना भोकं होती. आधी उजवा शिवला, वर्षानं डावा. ती म्हणाली, तो आकडा जिभेचे मार्क नाहीत काकू. जिभेला किती मदत लागते, त्याचा आकडा आहे तो. शीर जितकी क्षीण बोलते तितका आकडा चढतो. कानाचं काम करताना ती शीर मधेच येते, कधी ताणली जाते, कधी तुटते. बऱ्याच जणांना महिन्या-दोन महिन्यांत बरं वाटतं, काहींना नाही. नऊ आकडा दिसला की आम्हाला पाहुण्यांना सांगायला शिकवलंय, म्हणून सांगते, राग मानू नका.

मी राग मानला नाही. मला आधी ते खरंच वाटलं नाही. मी म्हटलं, माझी जीभ शाबूत आहे. मिरची मला झोंबते, फोडणी करपली तर मला अंगणातून वास येतो. तेव्हा ह्यांनी तोंड उघडलं. तिखटाची शीर वेगळी, म्हणाले, आणि वास नाकातून येतो. त्या दोन वाटा नीट आहेत. गेली ती खारटाची आणि गोडाची. म्हणून तुला कधी संशय आला नाही.

हे इतकं तयार उत्तर कुणाकडे असतं? ज्यानं आधी विचार करून ठेवलाय त्याच्याकडे.

मी नंदिताला म्हटलं, तू जरा तिकडे जा बाई. मग माझा चमचा ह्यांच्या हातात दिला आणि ह्यांचा मी घेतला. बटणं कानातून काढून टेबलावर ठेवायला लावली, म्हणजे चमच्यांना परत शहाणपण सुचायला नको. आकडे होते तिथंच राहिले. ह्यांच्या चमच्यानं मी भात खाल्ला. कोमट पाण्यात भिजवलेला कापूस. घरचं असंच लागतं, त्याहून थोडं बरं.

"आता तुम्ही खा," मी म्हटलं.

ह्यांनी माझ्या चमच्यानं घास घेतला. घास तोंडात गेला, डोळे बारीक झाले, मानेवर घाम आला, आणि घास गिळायच्या आत हात पाण्याच्या पेल्याकडे गेला.

तो हात मी चार वर्षं बघत होते. रोज दोन वेळा. त्या हाताला मी नाही नाही ते बोलले होते, पंगतीत, व्याह्यांसमोर. आणि तो हात फक्त माझी आमटी गिळायची धडपड करत होता.

मी विचारलं, कधीपासून. म्हणाले, दुसऱ्या कानानंतर. आधी थोडंच वाटायचं, मग वाढत गेलं. तू जेवायचीस, तुला अळणी लागायचं, दुसऱ्या दिवशी तुझा हात सैल सुटायचा. तरी अळणीच, की पुन्हा सैल. रोज एक-एक चिमूट. ह्यांनी बोटानं टेबलक्लॉथवर चढण काढून दाखवली, जशी लॅबमध्ये काढायचे. नैवेद्याआधी चव घ्यायची नाही, आणि नंतर घेतली ती मेलेल्या जिभेनं. तुझा काटाच बिघडला होता शालन, म्हणाले, आणि तू रोज त्याच काट्यानं स्वतःला सुधारत होतीस.

मी विचारलं, आणखी कुणाला माहीत होतं. तर सगळ्यांना. नणंदेला माहीत, मुलाला माहीत. गिरिजा तर मी देवाजवळ बसले की आमटीत तांब्याभर गरम पाणी ओतून जायची, नातवाला दहीभातावर ठेवायची. संक्रांतीला मी गावभर लाडू वाटले तेही म्हणे तोंडात धरवत नव्हते, साखरेचे नुसते खडे. आणि सगळ्यांनी माझ्या तोंडावर सांगितलं, वा काकू, तुमच्या हाताची चव. हे हॉटेलही गिरिजानंच शोधलं होतं. इथलं बटण सांगेल, आपल्याला सांगायला नको. सासरा-सुनेनं बसून ठरवलं.

शेजारची मोत्यांची बाई आता चमचा थांबवून ऐकत होती. ऐकू दे म्हटलं. चार आकड्यावाली.

मी ह्यांना विचारलं, डॉक्टरबाई सांगत होत्या तेव्हा तुमच्या तोंडाला काय झालं होतं? मी त्या पोरीला वाटेल ते बोलले, तुम्ही चपला बघत बसलात. तुमची मूत्रपिंडं चाललीत. आठवड्यातून तीनदा सुया टोचून घ्यायला तयार होतात, पण बायकोला एवढं म्हणवेना की आज भाजी खारट आहे?

तेव्हा ह्यांनी ती गोष्ट काढली. लग्नाचं पहिलं वर्ष. घरात बारशाची पंगत होती, पन्नास पानं. माझी आमटी अळणी झाली. सासूबाईंनी भरल्या पंगतीत पातेलं उचलून उकिरड्यावर ओतलं आणि माझ्या माहेरचा उद्धार केला. त्या दिवशी मी मागच्या दारी बसून रडले, आणि हे पाणी घेऊन आले तेव्हा ह्यांना म्हटलं होतं की जगानं नाव ठेवलं तरी चालेल, तुम्ही माझ्या अन्नाला कधी नाव ठेवायचं नाही. ह्यांनी माझ्या हातावर हात ठेवून शब्द दिला. घरचा नियम झाला तो असा.

"तो शब्द मोडायचा नव्हता मला," हे म्हणाले. "शेवटी वाटलं, माणसानं नाही सांगितलं, यंत्रानं सांगितलं, म्हणजे शब्दही राहील आणि तुझं मनही."

मी गप्प बसले. मला ते बावीस वर्षांचं पोर आठवलं, मागच्या दारातलं, ज्याला तेवढा एक शब्द हवा होता. तो शब्द ह्या माणसानं चव्वेचाळीस वर्षं जपला, मिठात बुडवून जपला. मला भरून यायला पाहिजे होतं. थोडं आलंही. पण त्याच्यावरून संताप एवढा मोठा आला की भरून आलेलं त्यात वाहून गेलं.

माझं गप्प बसणं ह्यांना बरं चिन्ह वाटलं असावं. हे उजळले. पुढे सरकून सांगायला लागले की डॉक्टरांच्या चिठ्ठीवर हा चमचा घरीही मिळतो, नंदिताला आधीच विचारून ठेवलंय. स्वयंपाकात मी मीठ नावाला घालायचं, माझ्या चमच्याचा आकडा नऊ, ह्यांचा दोन. माझं मला चवदार, ह्यांचं ह्यांना. दाब उतरेल, डबा यायचा नाही, माझं स्वयंपाकघर माझंच राहील. आणि मग शेवटी, अगदी खुशीत, जसा काही माझ्यावर उपकारच करताहेत, म्हणाले,

"म्हणजे कुणी कुणाला काही सांगायचा प्रश्नच उरला नाही."

खीर आली होती. नंदिता दोन वाट्या ठेवून, आमच्या चेहऱ्यांकडे बघून मागे गेली. ह्यांनी खिरीकडे पाहिलं आणि सवयीनं हात पाण्याच्या पेल्याकडे गेला, अजून घास घेतलाही नव्हता. मी तो पेला उचलून माझ्या बाजूला ठेवला. माझा आवाज चढला नव्हता. तो चढतो तेव्हा ह्यांना सवय असते, हसून घेतात. तो चढला नाही म्हणूनच हे घाबरले आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन शाळेतल्यासारखे बसले. मोत्यांच्या बाईनं तर खुर्चीच इकडे वळवली.

"चमचा मी घेणार," मी म्हटलं. "चार वर्षांनी मला चव लागली, ती मी तुमच्या भिडेखातर सोडणार नाही. पण आमटीत मीठ उद्यापासून तुम्ही घालायचं. नैवेद्याच्या आधी, लॅबमध्ये तोलायचात तसं काट्यावर तोलून. देवाला पण चार वर्षं खारट जेवण गेलंय, त्याची माफी तुम्ही मागायची, कारण मला माहीत नव्हतं आणि तुम्हाला होतं. घरी गेल्यावर डॉक्टरबाईंकडे आपण दोघं जायचं, मी माफी मागेन आणि तुम्ही चपलांकडे न बघता उभं राहायचं. आणि पानावर बसलात की पहिल्या घासाला तोंडानं सांगायचं, खारट तर खारट, अळणी तर अळणी. मी चिडेन. पातेलं आपटेन, दोन दिवस बोलणार नाही. ते तुम्ही सोसायचं, तुम्हाला पायाची सूज सोसायची सवय आहेच. मागच्या दारी दिलेला तो शब्द मी आज परत घेते, तेव्हाच्या त्या पोरीला तो पाहिजे होता, मला नवरा पाहिजे. तुम्ही मशिनला बोलायला लावलंत, सुनेला लावलंत, डॉक्टरला लावलंत. माझं मन राखायला म्हणे. मन राखणारा माणूस समोर येऊन बोलतो, तुम्ही मला भ्यालात, हिंदुराव."